मगे मारता कोण?

(मालवणातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडंसं आवरलेलं.)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मंडळी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून तासभर आधी येऊन बसलेल्या जाणत्या श्रोत्यांनो, नमस्कार.

काल याच माइकवरून तुम्ही संतसाहित्य ऐकलंत. उद्या सहकार चळवळ आहे. मधल्या दिवशी मी, आणि माझा विषय मारामारी. पत्रिकेवर ‘टीव्हीवरची मारामारी आणि आपला दशावतार’ असं छापलंय. कार्यवाहांनी मला फोन करून विचारलं होतं, ‘मारामारी’च्या जागी ‘युद्धकला’ घालूया का, जरा बरं दिसेल. मी म्हटलं, युद्धकला घातलीत तर लोक शिवकाळ ऐकायला येतील आणि चहा पिऊन निघून जातील. (हशा) तेव्हा मारामारीच राहू दे.

मुद्दा असा. टीव्हीसाठी म्हणून काढलेले जे कुंग-फू-कराटेचे सिनेमे असतात, ते इतके पडेल का निघतात? कुणालाही विचारा, उत्तर एकच: पैसा कमी. मला हे पटत नाही. कमी पैशात रात्र रात्र मारामारी रंगवणारी माणसं, म्हणजे आपले दशावतारी नाटकवाले, आपल्या जिल्ह्यात वाडीवाडीत आहेत, आणि त्यांच्याकडे नेपथ्य म्हणून एक बाकडं असतं. तेही बऱ्याचदा शाळेतून उचलून आणलेलं. तेव्हा पैसा हे कारण नव्हे. खरी कारणं तीन आहेत आणि ती मी शेवटी सांगणार आहे. आधी थोडी पार्श्वभूमी. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मी पाहिलंय.

आमच्या पिढीला ब्रूस ली पहिल्यांदा भेटला तो केस कापायच्या दुकानात. आरशाच्या एका बाजूला शंकर-पार्वती, दुसऱ्या बाजूला हा, उघडाबंब, अंगावर नखांचे ओरखडे, आणि मधे आरशात आपण, मानेला पांढरं फडकं गुंडाळलेले. २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये तो गेला, आणि ज्या ‘एंटर द ड्रॅगन’ने त्याला जगभर नेलं तो सिनेमा तो गेल्यावर लागला. आमच्याकडे ही बातमी पोचायला बराच काळ जावा लागला. दुकानदार तर छातीठोकपणे सांगायचा, मुंबईला येणार आहे म्हणून. सिनेमा कुणीच पाहिलेला नव्हता, पण पवित्रा सगळ्यांना यायचा. सायकलच्या तुटक्या चेनला दोन्हीकडे दांडकी बांधून नानचाकू करायचा, दोनदा गरगर फिरवायचा आणि तिसऱ्यांदा स्वतःच्याच टाळक्यात मारून घ्यायचा. ज्याच्या कपाळावर टेंगूळ तो कराटेवाला, असा साधा हिशोब होता.

ब्रूस लीबद्दलची एक गोष्ट मात्र त्या दुकानात कुणी सांगितली नाही. हा माणूस १९५८ साली हाँगकाँगमध्ये चा-चा नाचाची स्पर्धा जिंकलेला होता. नाचाची! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. म्हणजे मुख्य मुद्दा नव्हे, गोष्ट. (हशा)

व्हिडिओचा जमाना. मे महिना, वाडीत चाकरमानी आलेले, आंबे उतरलेले, हातात थोडे पैसे. वर्गणी काढून तालुक्याच्या गावाहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचं ठरलं. दुकानाचं नाव सांगत नाही. मालक हयात आहेत आणि तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. रिक्षाच्या मागच्या सीटवर टीव्ही, त्याला गोधडी गुंडाळलेली, आणि त्याला धरून बसलेला एकजण पाय बाहेर काढून. आमच्या खळ्यात टेबल मांडलं. पहिला पिक्चर देवाधर्माचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा रडारडीचा, बायकांसाठी. तिसरा मध्यरात्रीनंतर, इंग्लिश फायटिंग. तो आम्हा पोरांसाठी, असं म्हणायचं. प्रत्यक्षात म्हाताऱ्या आणि बायकाही जागेवरून हलल्या नाहीत. वर्गणी दिलेली होती ना!

कॅसेटच्या कव्हरावर काळ्या कपड्यातला, फक्त डोळे दिसणारा एक इसम हवेत उडालेला. त्याच्याखाली पेटलेलं हेलिकॉप्टर. बाजूला एक बाई. सांगतो, संपूर्ण सिनेमात हेलिकॉप्टर आलं नाही. काळ्या कपड्यातला इसम आला नाही. बाई आली, पण ती वकील होती. (हशा)

कॅसेट लावली तर सुरुवातीलाच साखरपुडा. कुणीतरी तिच्यावर टेप करून ठेवलेला. मुलगा अंगठी घालतोय, मागून कुणीतरी ‘कॅमेऱ्यात बघ, कॅमेऱ्यात बघ’ म्हणतंय, मुलगी मान वर करते, आणि एकदम अमेरिकेतला रस्ता. त्यामुळे सिनेमाचं नाव आम्हाला कळलं नाही ते आजतागायत. माझ्या एका काकीचं मत असं की खरा पिक्चर तो साखरपुड्याचाच होता, तो मधेच तोडला.

गोष्ट काय? नायक लष्करातून निवृत्त. त्याला लढायला शिकवणाऱ्या गुरूचा खून होतो. नायक सूड घेणार. हे पाच मिनिटांत कळलं, आणि पुढे तासभर नायक गाडी चालवत होता. उतरतो, दार लावतो, एका कचेरीत शिरतो, टेबलापलीकडच्या माणसाशी बोलतो, बाहेर येतो, गाडीचं दार उघडतो. वाडीत तेव्हा कुणाकडे चारचाकी नव्हती, पण गाडीचं दार कसं लावायचं ते त्या रात्री शेंबड्या पोरांनाही पाठ झालं.

आणि दर दहा-बारा मिनिटांनी पडदा काळा व्हायचा. नायक कुठल्याशा दाराला हात घालतो, मागून सावली येते, संगीत चढतं, धडाम, काळोख! पहिल्या वेळी सगळे ओरडले, ‘लाईट गेली!’ एकजण मीटरकडे धावला. तोवर चित्र परत आलेलं, आणि ती सावली निघाली हॉटेलातल्या वेटरची. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी कुणी उठलं नाही. आमच्याकडे तेव्हा व्होल्टेज धड नसायचं. ते उतरलं की टीव्हीचं चित्र कडेने आक्रसायचं. म्हणजे एक तर चित्र लहान, त्यात काळोख, त्यात नायक गाडीत.

शेवटी एकदाची मारामारी आली. गोदाम. अमेरिकेतले खलनायक राहायला गोदामातच असतात. समोर आठ-दहाजण उभे. पोरं सरसावून बसली. पडद्यावर नायकाचं तोंड, भलंमोठं, घामाघूम. मग एक मूठ. मग दुसऱ्याच कुणाचं तरी वाकडं झालेलं तोंड. मग एक पाय, बुटासकट. मग खोकी कोसळली. मग नायकाची पाठ, आणि त्या पाठीवरचे केस मघापेक्षा वीतभर लांब. मग परत तोंड. आवाज मात्र अखंड, ढिशॉव ढिशॉव. तो कुठल्या हातातून येतोय आणि कुठल्या गालावर पोचतोय, काही थांगपत्ता नाही. दहाजण आडवे झाले तेव्हा आम्ही फक्त खोकी पडताना पाहिली होती.

आमच्या वाडीत एक दशावतारी होते. सगळी वाडी त्यांना आबा म्हणायची, मीही तेच म्हणतो. दिवसा माडावर चढायचे आणि जत्रांच्या दिवसांत रात्री राक्षस व्हायचे. त्या रात्री ते खांबाला टेकून विडी ओढत सगळं बघत होते, अवाक्षर न बोलता. मारामारी संपली, नायक परत गाडीत बसला, तेव्हा त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले:

“हात दिसता तेवा तोंड दिसना नाय. तोंड दिसता तेवा हात दिसना नाय. मगे मारता कोण?”

(हशा, टाळ्या)

या टाळ्या त्यांच्या. कालच्या वक्त्यांच्या भाषेत सांगायचं तर हे सूत्र आणि माझं व्याख्यान हे त्याच्यावरचं भाष्य.

पण मूळ मुद्द्यावर येण्याआधी त्या दुकानाचं सांगायलाच हवं, कारण तो अन्याय अजून माझ्या मनात आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही सामान परत करायला गेलो. म्हटलं, तिसऱ्या कॅसेटचे पैसे परत द्या, कव्हरावर एक आणि आत भलतंच. मालक शांतपणे म्हणाले, “शेवटपर्यंत बघितलात?” म्हटलं, बघितला. “मग वाईट कसा?” आता याला काय उत्तर द्यायचं? तरी आमच्यातल्या एकाने साखरपुड्याचं काढलं. तिथेच घात झाला. मालकांनी कॅसेट लावून बघितली आणि म्हणाले, ही तर तुम्ही बिघडवलीत. अहो, आमच्या वाडीत कॅमेरा म्हणाल तर शाळेच्या ग्रुप फोटोच्या दिवशी दिसायचा, आम्ही साखरपुडा टेप करणार कशाने? “ते मला काय माहीत. नवरा मुलगा तुमच्यापैकीच दिसतोय.” आणि आमच्यातल्या एकाकडे बोट दाखवलं. त्याचं तोवर लग्न ठरलेलंसुद्धा नव्हतं. (हशा) डिपॉझिटातून कॅसेटची किंमत कापली, वर रिवाइंड करून आणली नाहीत म्हणून आणखी दोन रुपये. मी ग्राहक चळवळीत पडलो त्याचं मूळ हे. असो. अध्यक्ष घड्याळाला चावी देतायत.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मुंबईत असताना केबल आली आणि असे सिनेमे ढिगाने पाहिले. तेव्हा त्या काळोखाचं कोडं सुटलं. ती जाहिरातीची जागा. अमेरिकेत एबीसी वाहिनीने १९६९ पासून दर आठवड्याला एक नवा कोरा, खास टीव्हीसाठी काढलेला सिनेमा दाखवायला सुरुवात केली, इतर वाहिन्याही त्यात होत्याच. हे सिनेमे लिहितानाच तुकड्यातुकड्यांनी लिहायचे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी खळबळ करायची, म्हणजे साबणाची जाहिरात चालू असताना माणूस दुसरी वाहिनी लावणार नाही. आमच्या कॅसेटवर जाहिराती काढून टाकलेल्या होत्या आणि खळबळ तेवढी शिल्लक होती. वेटरची सावली ही त्यांची गरज होती, आमची नव्हे.

आता कुणी म्हणेल, टीव्हीचा सिनेमा म्हणजे पडेलच. तसंही नाही. १९७१ साली स्टीव्हन स्पीलबर्गने टीव्हीसाठी ‘ड्युएल’ केला. साधा माणूस गाडीतून चाललाय आणि एक जुनाट ट्रक त्याच्या जिवावर उठलाय, एवढीच गोष्ट. दोनेक आठवड्यांत उरकलेलं चित्रीकरण. त्यातसुद्धा नायक सारखा गाडीतच आहे, पण तुमच्या मुठी आवळलेल्या राहतात. ट्रक ड्रायव्हरचं तोंड शेवटपर्यंत दिसत नाही, ट्रक मात्र नखशिखांत दिसतो. कोण कोणाच्या मागे आहे, किती मागे आहे, चढ आहे की उतार, सगळं ढळढळीत. आबांनी तो पाहिला असता तर ‘मारता कोण’ हा प्रश्न आलाच नसता.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या जवळचं. १९७२ साली एबीसीनेच ‘कुंग फू’ नावाचा टीव्ही-सिनेमा दाखवला आणि त्यातून १९७५ पर्यंत चाललेली मालिका निघाली. चिनी मठात वाढलेला भिक्षू अमेरिकेच्या रानोमाळ हिंडतो. यातली गंमत अशी की तो शाओलिन मठ म्हणजे वॉर्नर स्टुडिओच्या आवारात पडून असलेला १९६७ च्या ‘कॅमेलॉट’मधला इंग्लंडच्या राजाचा किल्ला. मेणबत्त्या लावल्या आणि झाला मठ! काटकसर म्हणजे किती, पण कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. मुख्य भूमिका डेव्हिड कॅराडाइनची. तो काही लढवय्या नव्हता, पण त्याला नाचाचं अंग होतं. मारामाऱ्या मोजक्या, आणि त्या संथ गतीत दाखवलेल्या, म्हणजे पाय निघाला कुठून आणि पोचला कुठे ते बघता यायचं. ब्रूस लीच्या हातचं हे काम नव्हे, कबूल. पण पैसा नव्हता म्हणून फसलं असंही नव्हे.

परत नाच आला, बघा. आणि हा योगायोग म्हणाल तर आणखी सांगतो. १९६६ साली ‘कम ड्रिंक विथ मी’ या हाँगकाँगच्या सिनेमात तलवार चालवणारी चेंग पेइ-पेइ बॅले शिकलेली. मारामारीच्या सिनेमांतली दुसरी नटी मिशेल योह, ती लंडनला बॅलेच शिकायला गेली होती. आणि जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ हे हाँगकाँगच्या सिनेमातले मारामारीवाले नट, ही तिघं एकाच गुरूच्या शाळेतली. यु जिम-युएन हे त्या गुरूंचं नाव. ती शाळा कराटेची नव्हे, कुंग-फूचीही नव्हे, नाटकाची. पेकिंग ऑपेरा म्हणतात त्या चिनी संगीत नाटकाची. जॅकी तिथे दहा वर्षं होता. गाणं, नाच, कोलांट्या, रंगरंगोटी, आणि चुकलं की छडी. ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीला ब्रूस लीसमोर जो गुबगुबीत गडी उभा राहतो, तो सॅमो हंग. आणि त्याच सिनेमात ब्रूस ली ज्या पोऱ्याची मान मुरगळतो, तो जॅकी. बघा पुन्हा घरी जाऊन.

आता हे ऐका. त्या चिनी नाटकाच्या रंगमंचावर परंपरेने काय असतं? एक टेबल आणि दोन खुर्च्या. बस. तेच टेबल डोंगर होतं, तोच किल्ला होतो, तेच सिंहासन. आणि कडेला बसलेला ढोलकीवाला सगळं नाटक चालवतो. त्याने टिपरू टेकवलं की झांजा गप्प आणि लढणारे दगडासारखे थांबलेले. पुन्हा थाप पडली की उसळी. हाँगकाँगच्या सिनेमातली मारामारी बघा, तीही अशीच आहे: झडप, थांब, झडप, थांब. ते थांबणं फार मोलाचं. त्या क्षणात तुम्ही बघून घेता, कोण कुठे उभा आहे, कोणाचा हात कुठे अडकलाय. आमच्या गोदामातल्या नायकाला थांबता येत नव्हतं, कारण थांबला असता तर कळलं असतं की त्याला काही येत नाही.

एक टेबल आणि दोन खुर्च्या ऐकून तुम्हाला काही आठवलं का? (श्रोत्यांतून: “बाकडा!”) बाकडा! शाबास.

आबांचा राक्षस मी लहानपणापासून पाहिला. देवळासमोर चटई अंथरून पेंगत बसायचं, आधी संकासुर येऊन जायचा, मग आख्यान लागायचं, आणि लढाईची वेळ यायची ती पहाटेच्या सुमाराला, म्हणजे डोळ्यांवर सगळ्यात जास्त झोप असते तेव्हा. तिकडे पेटीवाला सूर धरतो, पखवाजावर थाप पडते, झांज सुरू होते. राजा आणि राक्षस बाकड्याला फेऱ्या मारतात. पहिली फेरी सावकाश, एकमेकांना जोखत. मग लय चढते. लाकडी तलवार तलवारीवर आपटते ती नेमकी थापेवर. आबा एका पायावर गिरकी घ्यायचे, बाकड्यावर उडी, तिथून खाली, पाय असा आपटायचे की पुढच्या चटईवरची पोरं मागे सरकायची. आणि मधेच हात वर करून सगळं थांबवायचे आणि संवाद म्हणायचे, तोही लिहिलेला नाही, तिथल्या तिथे सुचलेला. एकदा समोरच्या राजाची तलवार मोडली. आबा थांबले आणि म्हणाले, “राजा, तुझी तलवार मोडली, माझी दया मोडलेली नाही. जा, दुसरी घेऊन ये.” राजा आत जाऊन दुसरी घेऊन आला. पखवाजवाल्याने तोवर नुसतं घुमवत ठेवलं. प्रेक्षकांना वाटलं, आख्यानातच आहे.

आणि पडणं! राक्षसाला रोज मरायचं असतं. आबा मला दाखवायचे कसं पडायचं ते. आधी गुडघा, मग मांडीची कड, मग कूस, मग खांदा. डोकं कधीच नाही. डावा हात मुकुटावर, कारण मुकुट नाटकमंडळीच्या मालकाचा. हे एवढं सगळं सावकाश दाखवायचे आणि मग रात्री तेच एका थापेत व्हायचं, आणि बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी माडावर.

चिठ्ठी आली. “दहा मिनिटे.” दहा मिनिटांत तीन कारणं. ठीक आहे, झटपट.

पहिलं कारण, तालीम. टीव्हीच्या सिनेमाचं चित्रीकरण तीन-चार आठवड्यांत आटपायचं असतं आणि त्यातला मोठा भाग गाडीचं दार लावण्यात जातो. मारामारीच्या वाट्याला दिवस-दोन दिवस. जॅकी चॅनच्या १९९४ च्या ‘ड्रंकन मास्टर २’मधली शेवटची मारामारी काही मिनिटांची आहे आणि तिला काही महिने लागले. आता तुम्ही म्हणाल, महिने म्हणजे पैसाच की! हा आक्षेप मला दर वेळी येतो. उत्तर असं की आबांनी तालीम जन्मभर केली आणि तिचे पैसे कुणी दिले नाहीत. शिकलेली माणसं दोन दिवसांतही करतात. टीव्हीवाले शिकलेली माणसं घेत नाहीत, ओळखीचा चेहरा घेतात आणि पाठमोऱ्या दृश्यांसाठी दुसराच माणूस आणतात. वीतभर लांब केस ते त्या दुसऱ्याचे.

दुसरं कारण, चौकट. टीव्हीचा पडदा लहान म्हणून तोंडं मोठी दाखवायची, ही खोड तिथून आली. पडदा अरुंद म्हणून नाइलाज होता, असं सांगतात. ते खोटं आहे. १९३० च्या दशकात सिनेमाचा पडदा जवळजवळ चौरसच होता, आणि हॉलिवूडचा नाचणारा नट फ्रेड अॅस्टेअर त्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत नाचला. कॅमेऱ्याने तुकडे करायचे नाहीत, ही त्याची अट असायची. उलटा अन्याय रुंद सिनेमांवर झाला. हाँगकाँगचे रुंद पडद्याचे सिनेमे टीव्हीवर आणि कॅसेटवर दाखवताना दोन्ही कडा कापल्या, म्हणजे मारणारा चौकटीत आणि मार खाणारा बाहेर. आपण इतकी वर्षं अर्धी मारामारी बघून त्यांना नावं ठेवत होतो.

तिसरं, कात्री. हाँगकाँगमध्ये मारामारी बसवणारा माणूसच बहुधा कॅमेरा कुठे लावायचा आणि कुठे तोडायचं ते ठरवतो. युएन वू-पिंगसारखे लोक तिथूनच दिग्दर्शक झाले. टीव्हीच्या सिनेमात बसवणारा वेगळा, टिपणारा वेगळा आणि कापणारा तिसराच, दूर कुठेतरी खोलीत, ज्याला पुढचा काळोख वेळेवर आणायचा असतो. टोपलीत माशाचे तुकडे बघून मासा पोहतो कसा ते कळत नाही, तसं होतं ते. लय राहत नाही. लय गेली की ढिशॉव वाढवावा लागतो.

आता हे सगळं इथे कशाला सांगतोय? कारण तोच रोग आपल्या दारात आलाय. मी ट्रिकसीनवाल्या नाटकांबद्दल बोलत नाही. धूर सोडा, दिवे फिरवा, प्रेक्षक येत असतील तर माझी हरकत नाही, संकासुराला पूर्वीही कुणी वास्तववादी म्हटलं नव्हतं. मी बोलतोय दशावताराच्या चित्रीकरणाबद्दल. आता प्रत्येक जत्रेला दोन-तीन कॅमेरे असतात, रात्रीचं नाटक दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर. मुंबईतला, आखातातला माणूस तिथे बसून बघतो, ही फार चांगली गोष्ट आहे. पण लढाई सुरू झाली की हे पोरगे काय करतात? झूम! राजाचं तोंड. झूम! राक्षसाचे डोळे. पाय गेले, बाकडं गेलं, पखवाजवाला तर कधी दिसतच नाही. माइक लावतात तो पेटीजवळ, त्यामुळे पाय आपटल्याचा आवाज येत नाही. गेल्या जत्रेत मी एकाला म्हटलं, बाबा, जरा मागे हो. तो म्हणाला, काका, मागून भाव दिसत नाहीत. अरे, राक्षसाचे भाव त्याच्या पोटऱ्यांत असतात!

तर माझी मागणी एवढीच आहे आणि ती इथे बसलेल्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांकडे आहे. चित्रीकरणाची परवानगी देताना अट घाला. एक कॅमेरा चटईवर बसणाऱ्या माणसाच्या उंचीवर, समोर, न हलणारा. त्यात बाकडं, दोन्ही योद्धे आणि वाजवणारे पूर्ण दिसले पाहिजेत. एक माइक पखवाजापाशी. बाकीचे कॅमेरे हवे तेवढे झूम करू देत. पण लढाई चालू असताना त्या एका कॅमेऱ्यावरून हलायचं नाही, निदान कुणीतरी पडेपर्यंत. याला खर्च शून्य आहे. तालुक्यातल्या दोन मंडळांना मी हे पत्राने कळवलंय. एकाचं उत्तर आलं, विचार करू. दुसऱ्यांनी मला अध्यक्ष व्हाल का म्हणून विचारलं, म्हणजे वर्गणी मागितली. (हशा)

मागून हात वर आहे. बोला. (श्रोत्यांतून: “ता पिक्चर मगे शेवटी कोणी जिंकल्यान?”) नायकाने. म्हणजे खोकी त्याच्या बाजूला कमी पडली होती, त्यावरून आमचा तर्क. बाकीचे प्रश्न बाहेर विचारा, चहा आहे असं ऐकतो. सभागृहाची चावी ज्यांच्याकडे आहे ते केव्हाचे दारात उभे आहेत आणि त्यांची शेवटची एसटी साडेआठची आहे.